पंचनाम्यात बावन्न पत्ते

तेरा-चौदा वर्षं झाली असतील. पोळ्याच्या करीला मी एक बातमी दिली होती. अशा बातम्या आम्ही तालुक्याचे पत्रकार झोपेतही लिहू शकतो. लिंबाच्या झाडाखाली तिर्रट नावाचा जुगार खेळताना सात जण ताब्यात, रोख रक्कम, दोन मोटारसायकली आणि बावन्न पत्त्यांचा कॅट असा मुद्देमाल जप्त, महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ अ नुसार गुन्हा दाखल, पुढील तपास अमुक जमादार करीत आहेत. खाली सात नावं, वयासकट.

दोन दिवसांनी त्या सातातला एक जण ऑफिसात आला. मोंढ्यात हमाली करणारा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, तोंडओळखीचा. मला वाटलं, नाव छापलं म्हणून भांडायला आलाय. मी म्हणलं, मामा बसा, आम्ही तर पोलिसांनी दिलं तेच छापतो.

"नाव छापलं त्याचं काही नाही साहेब. खेळलो ते खेळलोच. पण पत्ते नख मारलेले होते, ते कामून नाही छापलं?"

आणि त्यांनी खिशातून एक पान काढून टेबलावर ठेवलं. चौकटची राणी. पाठीमागच्या नक्षीत, कोपऱ्यापासून बोटभर खाली, नखाची बारीक चीर. नुसत्या डोळ्याला दिसायची नाही, अंगठा फिरवला की लागायची. छापा पडला तेव्हा हे पान त्यांच्याच हातात होतं. ते त्यांनी बंडीत सारलं. ठाण्यात दाखवायला म्हणून. ठाण्यात उत्तर मिळालं, "तू आरोपी हाईस, तू कशाची फिर्याद देतोस?" तीन महिन्यांची हमाली त्या झाडाखाली गेली होती, आणि ज्याने पत्ते आणले होते तो छाप्याच्या पाच मिनिटं आधी तंबाखू आणायला म्हणून उठला होता.

मी ती बातमी केली नाही. कारण साधं होतं, आरोपीचं म्हणणं कोण छापतो? पण एक गोष्ट तेव्हाही खटकली. कॅटमधलं एक पान माझ्या टेबलावर होतं आणि पंचनाम्यात बावन्न पत्ते लिहिलेले होते. म्हणजे कुणी मोजलेच नव्हते.

आज हे लिहायचं कारण, गेल्या काही वर्षांत मी हा विषय हळूहळू वाचत गेलो. कायद्याची पुस्तकं, जुने निकाल, कौटिल्य, जे हाताला लागेल ते. लांबलंय, सवडीने वाचा.

आधी ते "कलम १२ अ". आमच्या बातम्यांमधला हा नेहमीचा घोळ. कायद्यात कलम १२ चं पोटकलम (अ) आहे, ते उघड्यावर जुगार खेळणाऱ्यांसाठी. आणि १२-अ हे वेगळंच कलम आहे, ते जुगाराला मदत व्हावी या हेतूने आकडे किंवा माहिती छापणाऱ्या-वाटणाऱ्यांसाठी. म्हणजे झाडाखालच्या सात जणांवर आम्ही बातमीत जे कलम लावतो, ते खरं तर आम्हा छापणाऱ्यांसाठीचं आहे. असो.

हा कायदा १८८७ चा. मुंबई इलाख्याचा. परभणीला तो तेव्हा लागू नव्हता, कारण आपण निजामाच्या राज्यात. आपल्याकडे हैदराबादचा वेगळा जुगार कायदा होता, १३०५ फसलीचा, म्हणजे साधारण १८९५-९६. पुढे पोलीस ॲक्शन झाली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि मग मुंबईचा कायदा आपला झाला. आपल्या आजोबा-पणजोबांनी पट खेळताना मोडला असेल तो फसली कायदा, आपण मोडतो तो इंग्रजांचा. दोन्हींचा साचा सारखाच. अड्डा कुणाचा, साहित्य कुठे सापडलं, तिथे हजर कोण होतं. १८८७ च्या कायद्यात तर असंही आहे की छाप्यात पत्ते-फासे सापडले, की उलट सिद्ध होईपर्यंत ती जागा अड्डाच आणि तिथले लोक खेळायलाच आले होते असं धरायचं.

ते पत्ते खरे होते की खुणेचे, हा प्रश्न या साच्यात कुठे बसतच नाही. फसवणुकीचं कलम दंडविधानात आहे, आधी ४२० होतं, आता न्याय संहितेत ३१८. पण जुगाराच्या गुन्ह्यात फिर्यादी असतो पोलीस शिपाई, सरकारतर्फे. फसलेला माणूस आरोपींच्या यादीत चौथ्या-पाचव्या नंबरला बसलेला. तो उठून फिर्यादीच्या बाकावर कसा जाणार? दिवाणीत जावं तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० आडवं. पैजेचा करार शून्य, कोर्टाच्या पायरीवर त्याला किंमत नाही.

मला वाटायचं, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांच्या डोक्यातच कधी आला नसेल. मग कौटिल्य वाचला आणि गार पडलो.

अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात शेवटी द्यूताचा भाग आहे. द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी. जुगार एकाच ठिकाणी चालवायचा, इतरत्र खेळला तर १२ पण दंड. कवड्या आणि फासे द्यूताध्यक्षाने पुरवायचे, तेही शुद्ध, म्हणजे न भरलेले, न घासलेले. कुणी ते बदलले तर पुन्हा १२ पण. हातचलाखी केली तर मोठा दंड, शिवाय जिंकलेलं सगळं जप्त. आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा ५ सरकारजमा, वर फाशांचं भाडं, पाण्याचं आणि जागेचं भाडं वेगळं. कौटिल्य काही जुगाऱ्यांचा कैवारी नाही. हे लोक बहुतेक लबाडच असतात असं तो स्वच्छ सांगतो, आणि एका जागी खेळवण्यात चोर-भामटे हेरता यावेत हाही हेतू आहेच.

पण त्यातली एक ओळ मी दोन-तीनदा वाचली. आधीच्या आचार्यांचं मत होतं की खेळावरून तक्रार आली तर जिंकणाऱ्याला कमी दंड करावा आणि हरणाऱ्याला जास्त, कारण हरणारा मूर्ख, जिंकायला आला होता आणि आता हार सोसवत नाही म्हणून रडतोय. कौटिल्य म्हणतो, नाही. हरणाऱ्याला दुप्पट दंड केलात तर राजाकडे तक्रार घेऊन येणार कोण?

दोन हजार वर्षांपूर्वी, साहेब. आमच्या हमालमामांचा प्रश्न, जसाच्या तसा. कौरवांच्या सभेत एवढे जाणते बसले होते, त्यांच्यातही फासे तपासा म्हणून कुणी उठलं नव्हतं. कौटिल्याने किमान त्या कामाला एक अधिकारी नेमला.

स्वातंत्र्यानंतर आपल्या न्यायालयांनी जुगारावर बरंच लिहिलं, पण वेगळ्याच प्रश्नावर: खेळ कौशल्याचा की नशिबाचा? यातला सगळ्यात गाजलेला निकाल आपल्या जुन्या फसली कायद्यावरचाच आहे. १९६३ च्या मे महिन्यात सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर छापा पडला, तिथे पैसे लावून रमी चालली होती. हैदराबादच्या त्याच कायद्याखाली खटला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६७ मध्ये निकाल आला की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. कोणती पानं पडली हे लक्षात ठेवावं लागतं, कोणतं ठेवायचं, कोणतं टाकायचं याला डोकं लागतं. तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा. म्हणजे आपली तिर्रट. क्लबातल्या रमीवाल्यांची सुटका झाली, लिंबाच्या झाडाखालची तिर्रट तिथेच राहिली. निकाल चुकला असं मी म्हणत नाही. कोर्टापुढे जो प्रश्न होता त्याचं उत्तर कोर्टाने दिलं. पण त्यानंतर पन्नास-साठ वर्षं, अगदी मोबाईलवरच्या रमीपर्यंत, वकील-सरकार-कंपन्या सगळे त्याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिले. डाव खरा की खोटा, यावर एवढी चर्चा मी कुठे वाचली नाही.

आता आपल्या पिकाची गोष्ट. मटका कापसातून जन्मला, हे सेलू-मानवतच्या जिनिंगवाल्यांपैकीही अनेकांना माहीत नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडताना आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरने मुंबईला यायचे, त्यावर आकडा लागायचा. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं. मग शून्य ते नऊच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढू लागले, नंतर पत्ते. १९६२ मध्ये वरळीला कल्याणजी भगत, दोन वर्षांनी रतन खत्री.

या धंद्याचं मर्म तुम्ही बघा. न्यूयॉर्कचा भाव मुंबईतला बुकी बदलू शकत नव्हता. परका, लांबचा, कुणाच्या हातात नसलेला आकडा, म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. तो गेल्यावर खत्रीचं नाव झालं ते लोकांच्या देखत पत्ते काढतो, गडबड करत नाही, अशा ख्यातीमुळे. बेकायदा धंद्यालाही खरेपणाचा कुणीतरी जामीन लागतो, आणि सरकार तो देत नसल्यामुळे अड्डेवालाच जामीनदार झाला. बरं, हा खरा डावही किती महाग होता? दहा आकड्यांतला एक लावायचा आणि लागला तर नऊपट. म्हणजे शंभरातले दहा रुपये चालवणाऱ्याचे, रोज, एक पानही न चोरता. कॅसिनोतल्या एका शून्याच्या रोलेट चक्रात ३७ घरं असतात आणि लागलं तर लावलेल्यासकट ३६ पट मिळतात. तिथे घरमालकाचा वाटा शंभरात पावणेतीन रुपयांच्या आत. गरिबाचा जुगार श्रीमंताच्या जुगारापेक्षा जवळजवळ चौपट महाग, हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा मलाच खरं वाटेना.

आणि आता १९७६. आणीबाणी चालू. मुख्यमंत्री आपले शेजारी, नांदेडचे शंकरराव चव्हाण, ज्यांना लोक हेडमास्तर म्हणायचे. रतन खत्री तुरुंगात, एकोणीस महिने. आणि त्याच काळात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक कायदा केला, महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम, १९७६. मटकेवाला आत आणि कॅसिनोचा कायदा संमत! कायद्यात नेहमीसारखं एक वाक्य होतं की राज्य सरकार अधिसूचना काढून ठरवील त्या दिवशी तो अमलात येईल. तो दिवस आला नाही. मुख्यमंत्री येत राहिले, जात राहिले. हा कायदा लागू करा अशी मागणी अधूनमधून व्हायची, हायकोर्टातही विषय गेला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने तो रद्दच करायचं ठरवलं आणि नंतर निरसनाचं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. ४७ वर्षांत त्याखाली एक टेबल लागलं नाही, एक फासा तपासला गेला नाही.

रद्द केला ते बरं केलं असं माझं मत आहे. परभणीत काय, मुंबईतही कॅसिनो नको. पण गंमत बघा, "नियंत्रण" हा शब्द ज्याच्या नावात होता तो जुगाराचा कायदा झोपून राहिला, आणि जागा राहिला तो १८८७ चा.

योगायोग असा की गोव्याचाही जुगार कायदा १९७६ चाच. मूळचा तो बंदीचाच. १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी दिली, १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरच्या खेळांना. म्हणून मांडवीत ती झगमगती जहाजं उभी आहेत.

मी एकदा गेलो होतो, २०२२ साली, मित्रांबरोबर. कोणतं जहाज ते सांगत नाही. हजाराच्या चिप्स घेतल्या आणि खेळण्यापेक्षा बघत बसलो. अंदर-बाहर चालू होतं, आपल्या जत्रेतलंच. पत्ते एका पेटीतून एकेक सरकत येतात, हाताने पिसणं नाही. प्रत्येक टेबलावर छताला काळा घुमट, आत कॅमेरा. पत्ते वाटणारी मुलगी पाळी संपल्यावर उठली तेव्हा तिने दोन्ही तळहात उलटसुलट करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवले, काही लपवलं नाही म्हणून. मला एकदम चौकटची राणी आठवली.

टेबलावर नियमही लिहिलेला. पहिलं पान ज्या बाजूला पडतं तिची जिंकण्याची शक्यता शंभरात साडेएक्कावन्न, म्हणून त्या बाजूला शंभराला नव्वदच देतात. घराचा वाटा शंभरात दोन रुपये आणि काही पैसे. निदान भिंतीवर लावून लुटतात. पण तो कॅमेरा कुणाचा? जहाजवाल्याचा. तो माझ्यावर आणि त्या मुलीवर नजर ठेवतो. जहाजवाल्यावर कोण ठेवतं? गोव्याने गेमिंग कमिशनरची तरतूद २०१२ मध्ये केली, जबाबदारी प्रत्यक्ष सोपवली २०२० मध्ये, तीही व्यावसायिक कर आयुक्तांकडे. गोवेकरांना कॅसिनोत बंदी लागू झाली तीही त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून. कर अधिकारी गल्ला मोजणार हे ओघानेच आलं. अमेरिकेतही नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार मोकळा केला आणि वेगळं नियंत्रण मंडळ आलं १९५५ मध्ये. सगळीकडे आधी कर येतो, तपासणी मागून, रमतगमत.

आपल्या गावात मात्र खेळ टेबलावरून कधीच उतरला. बसस्टँडच्या मागे, लॉटरी सेंटरची पाटी, आत अंधार, तीन-चार स्क्रीन. शून्य ते नऊचं चक्र दर काही मिनिटांनी फिरतं. गॅरेजवर काम करणारी, कॉलेजला निघालेली पोरं तिथे उभी असतात. मी स्वतः उभं राहून पाहिलंय. लाकडी चक्रात निदान खोट पकडता तरी यायची. एकोणिसाव्या शतकात मॉन्टे कार्लोत यॉर्कशायरच्या कापडधंद्यातल्या एका इसमाने, जोसेफ जॅगरने, कारकून लावून आकडे टिपले, एक चक्र कलतं आहे हे शोधलं आणि कॅसिनोलाच लुटलं. स्क्रीनवरचं चक्र कलतं की नाही हे टिपून कळत नाही. कोणत्या आकड्यावर सगळ्यात कमी पैसे आहेत हे त्या यंत्राला आधीच माहीत असतं. ते तिथेच थांबतं असा माझा आरोप नाही. थांबत नाही हे तपासलेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही, एवढंच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब हा वादच त्यात काढून टाकला. त्या कायद्याबद्दल मतं काहीही असोत, त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला, पैशांची वाट करून देणाऱ्याला. खेळणाऱ्याला नाही. हरलेल्याने तक्रार घेऊन यावं म्हणून आधी त्याला आरोपीच्या बाकावरून उठवावं लागतं, हे कुणालातरी पुन्हा सुचलं.

हे मी मामांना सांगितलं. ते अजून मोंढ्यातच आहेत, आता पोती उचलत नाहीत, काट्यावर बसतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी मोबाईलवर हरलेला आला तर त्याची फिर्याद घेतेत?"

म्हणलं, घ्यायला पाहिजे.

"आन झाडाखाली हरलेल्याची?"

म्हणलं, झाडाखाली अजून १८८७ च आहे मामा.

ही पोस्ट आपल्या जिल्ह्यातल्या ठाण्यांमधले काही मित्रही वाचतात, मला माहीत आहे. एक विनंती आहे, कायदा बदलायची गरज नाही त्याला. पुढच्या पोळ्याला छापा टाकाल तेव्हा कॅट जप्त करताना पत्ते मोजा, आणि पाठीवरून एकदा अंगठा फिरवा. काही लागलं तर पंचनाम्यात तेवढी एक ओळ लिहा. पत्ते कुणी आणले होते, हेही त्या सात जणांना विचारा. बातमी मी करतो. चौकटची राणी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कुणाला नमुना बघायचा असेल तर ऑफिसात या.